विरारच्या पेशंटचा कॅन्सर परत कुठं आलाय हे सांगणारा स्कॅन आणि होमी भाभांचा १९६२ चा निर्णय

विरार पूर्वेचा मनवेलपाडा. सकाळी रिक्षा पकडायची, स्टेशन गाठायचं आणि मिळेल त्या लोकलमध्ये स्वतःला कोंबायचं, हा इथल्या हजारो लोकांचा रोजचा कार्यक्रम. या गर्दीत ऑफिसवाले असतात, कॉलेजची पोरं असतात. आणि काही जण असेही असतात, ज्यांच्या हातात डब्याच्या पिशवीऐवजी जाडजूड फाईल असते. सोबत मुलगा नाहीतर जावई. ते दादरला उतरतात आणि परळची वाट धरतात. टाटा हॉस्पिटल.

यातल्या साठी-सत्तरीतल्या काही आजोबांची अडचण एकसारखी असते. काही वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन करून ग्रंथी काढून टाकली, सगळं आलबेल झालं. आणि आता रक्ताच्या तपासणीत पीएसए नावाचा आकडा पुन्हा वर सरकायला लागलाय. त्रास काहीच नाही. साध्या सीटी स्कॅनमध्ये काही दिसत नाही. पण आकडा सांगतोय की कॅन्सर परत आलाय.

आता प्रश्न एकच, कुठं आलाय?

कारण जागा कळल्याशिवाय लाईट देणार कुठं? लाईट म्हणजे रेडिओथेरपी, काही जण त्याला शेक देणं म्हणतात. ही जागा शोधायला आज पीएसएमए पेट स्कॅन वापरतात. असा स्कॅन, त्याला लागणारे किरणोत्सारी पदार्थ आणि कॅन्सरचं हॉस्पिटल हे सगळं परळमध्ये एकमेकांच्या शेजारी कसं काय आलं, याचा माग काढत गेलं की एक नाव समोर येतं. ते नाव कुठल्या डॉक्टरचं नाहीये. ते आहे डॉ. होमी जहांगीर भाभा.

हो, तेच. अणुबॉम्ब, तारापूर आणि विमान अपघात या तीन गोष्टींसाठी सोशल मीडियावर ज्यांची आठवण निघते ते भाभा. पण त्यांच्या आयुष्यातला कॅन्सरचा धागा फारसा कुणी सांगत नाही. तो आज बघू.

आत्याचं घर आणि टाटांचे गप्पांचे फड

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईचा. वडील जहांगीर भाभा ऑक्सफर्डला शिकलेले वकील. घर श्रीमंत पारशी. पुस्तकांची भिंत, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड्स, चित्रकलेची शिकवणी असं सगळं लहानपणापासून हाताशी.

पण घराइतकंच महत्त्वाचं होतं आत्याचं घर. वडिलांची बहीण मेहेरबाई ही जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांची पत्नी. म्हणजे दोराबजी हे होमीच्या आत्याचे यजमान. पोलाद कारखाना, वीज प्रकल्प, बंगळुरूची विज्ञान संस्था, असे देशाचे मोठमोठे बेत या घरात जेवणाच्या टेबलावर बोलले जायचे आणि लहानगा होमी ते ऐकत मोठा होत होता. संस्था कशी उभी करायची याचे धडे पुढं त्याला पुस्तकात शोधावे लागले नाहीत.

मेहेरबाईही साध्या नव्हत्या. साडी नेसून टेनिसचं मैदान गाजवणाऱ्या, बालविवाहाच्या विरोधात आवाज उठवणाऱ्या, स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या. या आत्याची पुढं गोष्टीत मोठी भूमिका आहे.

इंजिनिअर व्हायला गेले आणि पॉझिट्रॉनमध्ये अडकले

१९२७ ला होमी केंब्रिजला गेले. वडील आणि दोराबजी दोघांचीही इच्छा होती की पोरानं इंजिनिअर व्हावं, परत यावं आणि जमशेदपूरच्या कारखान्यात जबाबदारी घ्यावी. पण झालं भलतंच. केंब्रिजमध्ये त्या काळात भौतिकशास्त्राला नुसतं उधाण आलेलं. होमीनं वडिलांना पत्र लिहून कळवलं की आपला जीव फिजिक्समध्ये आहे.

वडिलांनी व्यवहारी तोडगा काढला. आधी इंजिनिअरिंगमध्ये फर्स्ट क्लास मिळव, मग हवं ते शिक, पैसे मी देतो. १९३० ला होमीनं फर्स्ट क्लास आणून दाखवला आणि इंजिनिअरिंगला रामराम ठोकला.

आता थोडं विज्ञान, कारण याच ठिकाणी आपल्या स्कॅनचं बीज आहे.

केंब्रिजमध्येच पॉल डिरॅक यांनी गणितातून भाकीत केलं होतं की इलेक्ट्रॉनला एक उलटा जुळा भाऊ असला पाहिजे. वजन तेवढंच, विद्युतभार मात्र धन. १९३२ ला अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना तो खरोखर सापडला. त्याचं नाव पॉझिट्रॉन. हा पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरतो तेव्हा नेमकं काय घडतं, याचं गणित तरुण भाभांनी मांडलं. १९३६ ला तो शोधनिबंध छापून आला. आज जगभरातले शास्त्रज्ञ त्या क्रियेला भाभा स्कॅटरिंग म्हणतात.

पेट स्कॅनमधला पेटमधला पहिला शब्दच पॉझिट्रॉन आहे. म्हणजे भाभांनी पेट स्कॅनचा शोध लावला का? नाही. तो त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी आला आणि दुसऱ्यांनी लावला. पण ज्या कणांच्या भेटीवर हा स्कॅन चालतो, त्याच कणांच्या भेटीचं गणित करत या माणसाची कारकीर्द सुरू झाली, हे खरं.

१९३१ : आत्या गेली

भाभा केंब्रिजमध्ये शिकत असतानाच घरावर घाव बसला. मेहेरबाईंना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला. पैशाला तोटा नव्हता. उपचार ब्रिटनमध्ये चालू होते. तरी १८ जून १९३१ ला वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये त्या गेल्या.

दोराबजी खचले. टाटांसारख्या घरातल्या बाईला उपचारासाठी सातासमुद्रापार जावं लागतं, मग इथल्या सामान्य माणसाचं काय, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. १९३२ मध्ये त्यांनी पत्नीच्या नावानं ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला. आपली संपत्तीही दुसऱ्या ट्रस्टच्या हवाली केली. त्याच वर्षी जूनमध्ये दोराबजीही जर्मनीत वारले.

त्यांच्या ट्रस्टनं पुढं परळला हॉस्पिटल बांधलं. २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल हॉस्पिटलचं उद्घाटन झालं. आज मनवेलपाड्याचा माणूस ज्या दारात जाऊन उभा राहतो ते दार भाभांच्या आत्याच्या आठवणीत उघडलेलं आहे.

सुट्टीला आले आणि राहिले

१९३९ ला भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि तिकडं दुसरं महायुद्ध पेटलं. परत जायचा रस्ता बंद. मग ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्याकडं रुजू झाले आणि अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांवर काम करू लागले. १९४१ ला रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तेव्हा वय होतं ३१.

युद्ध संपलं की युरोपात पुन्हा मानाची जागा मिळाली असती. पण त्यांचं मन पालटलं. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजींच्याच ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्था काढायचा प्रस्ताव दिला. हिरोशिमावर बॉम्ब पडायच्या दीड वर्ष आधीची ही गोष्ट. अणुऊर्जेचा काळ येतोय आणि तेव्हा तज्ज्ञ बाहेरून मागवायची वेळ येऊ नये, अशी त्यांची मांडणी होती. ट्रस्टनं होकार दिला. १९४५ ला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर सुरू झाली. आधी बंगळुरूत, मग मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात. नंतर कुलाब्याला समुद्राकाठी आज दिसते ती देखणी इमारत झाली.

लक्षात घ्या, एकाच ट्रस्टच्या पैशातून एकीकडं कॅन्सरचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि दुसरीकडं अणुविज्ञानाची शाळा. या दोन्हींची गाठ अजून पडायची होती.

तुर्भ्याच्या डोंगराआड

स्वातंत्र्यानंतर १९४८ ला अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा अध्यक्ष झाले. नेहरूंचा त्यांच्यावर विलक्षण विश्वास. १९५४ ला अणुऊर्जा खातं निघालं, ते थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत आणि सचिव भाभा. मुंबईच्या पूर्व टोकाला, तुर्भ्याच्या डोंगर आणि खाडीच्या मध्ये प्रयोगशाळा उभ्या राहू लागल्या.

४ ऑगस्ट १९५६ ला तिथली अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली पहिली. १९६० ला कॅनडाच्या मदतीनं सायरस आली.

अणुभट्टी म्हटलं की आपल्याला वीज नाहीतर बॉम्ब आठवतो. पण अप्सरा वीज तयार करायची नाही. तिच्यासारख्या संशोधन भट्टीचं एक मोठं काम म्हणजे आयसोटोप बनवणं. साध्या मूलद्रव्याचं किरणोत्सारी रूप असा त्याचा साधा अर्थ. उदाहरणार्थ आयोडीन. आपल्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढून घेते. मग पेशंटला किरणोत्सारी आयोडीन-१३१ दिलं की ते आपोआप थायरॉईडमध्ये जाऊन बसतं. बाहेरून यंत्र लावलं तर ते कुठं बसलंय हे दिसतं आणि जास्त मात्रेत दिलं तर तिथल्या कॅन्सरच्या पेशी मारतंही.

म्हणजे एकच पदार्थ शोधतोही आणि उपचारही करतो. ही कल्पना डोक्यात ठेवा, प्रोस्टेटच्या वेळी परत लागेल.

फक्त एक अडचण. आयोडीन-१३१ ची ताकद आठ दिवसांत अर्धी होते. परदेशातून मागवलं तर वाटेतच शिळं होणार. म्हणून भट्टी आपल्याच गावात हवी, आणि भट्टीपासून जवळ हॉस्पिटलही हवं.

१९६२ : हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडं

टाटा मेमोरियल १९५७ ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडं गेलं होतं. सरकारी हॉस्पिटल आरोग्य खात्याकडं असणार, यात वेगळं काहीच नव्हतं.

पण १९६२ ला ते अणुऊर्जा खात्याकडं सोपवण्यात आलं. आज ऐकलं तरी विचित्र वाटतं. अणुभट्ट्या चालवणाऱ्यांनी कॅन्सरचं हॉस्पिटल चालवायचं?

यामागं भाभांची दूरदृष्टी होती. कॅन्सर शोधायला, तो किती पसरलाय हे ठरवायला आणि बरा करायला, या तिन्ही टप्प्यांवर पुढच्या काळात किरणोत्सार लागणार, हे त्यांनी ओळखलं होतं. मग भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि डॉक्टर वेगवेगळ्या मंत्रालयांत बसून एकमेकांना फाईली पाठवत राहिले तर काम कधी व्हायचं? त्यापेक्षा सगळे एका खात्यात असलेले बरे.

लगेच पुढच्या वर्षी, १९६३ ला, दुसरं पाऊल पडलं. तुर्भ्याच्या संस्थेनं रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं आणि ते तुर्भ्याच्या कुंपणाआड न ठेवता परळला, टाटा हॉस्पिटलच्या ॲनेक्स इमारतीत थाटलं. पेशंट जिथं येतो तिथं. थायरॉईडच्या पेशंटना आयोडीन देण्यापासून तिथं अणुवैद्यकाचं काम वाढत गेलं. डॉक्टर आणि तंत्रज्ञही तिथंच तयार होऊ लागले.

१९६६ मध्ये हॉस्पिटल आणि कॅन्सर संशोधन संस्था एकत्र करून टाटा मेमोरियल सेंटर झालं. पण ते वर्ष दुसऱ्याच कारणानं लक्षात राहिलं.

माँ ब्लांक

२४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं कांचनजंगा नावाचं बोइंग ७०७ मुंबईहून निघून जिनिव्हाकडं उतरत होतं. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला चालले होते. आल्प्समधल्या माँ ब्लांक शिखराजवळ विमान डोंगरावर आदळलं. सगळेच्या सगळे ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. ताश्कंदला लालबहादूर शास्त्री जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि त्याच दिवशी इंदिरा गांधी पंतप्रधानपदाची शपथ घेत होत्या.

या अपघातावर घातपाताच्या कितीतरी गोष्टी आजही फॉरवर्ड होत असतात. फ्रान्सच्या चौकशीत मात्र निष्कर्ष निघाला तो असा की विमानातलं एक दिशादर्शक उपकरण बिघडलेलं होतं, रडारवरून मिळालेल्या माहितीचा वैमानिकाकडून चुकीचा अर्थ लागला आणि आपण शिखर ओलांडलंय असं समजून त्यानं विमान खाली आणलं.

भाभांनी लग्न केलं नव्हतं. चित्रं काढायची, संगीत ऐकायचं, इमारतीच्या आड येणारं झाड तोडण्याऐवजी उचलून दुसरीकडं लावायचं, असा हा माणूस. १९६७ ला तुर्भ्याच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. तीच भाभा अणुसंशोधन केंद्र, आपल्या बोलण्यातली बीएआरसी.

मोठं स्वप्न अपुरं, लहान स्वप्न पुरं

विरारहून डहाणूकडं जाणारी गाडी पकडली की पुढं बोईसर लागतं. तिथून जवळ तारापूर. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, आपल्याच पालघर जिल्ह्यातलं. त्याचे करार भाभांच्या काळात झाले, वीज १९६९ ला सुरू झाली. ते बघायला भाभा नव्हते.

विजेच्या बाबतीत भाभांचं भाकीत मात्र सपशेल चुकलं. १९८७ पर्यंत देशात २० ते २५ हजार मेगावॉट अणुवीज असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात त्या साली दीड हजार मेगावॉटचाही पल्ला गाठला नव्हता. तुर्भ्यातूनच पुढं १९७४ च्या पोखरणची वाट गेली, त्यावरही वाद झाले आणि होत राहतील.

पण परळचं ते छोटं सेंटर शांतपणे चालत राहिलं. २००२ ला तिथंच देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट स्कॅनर बसला. सायक्लोट्रॉन म्हणजे भट्टीशिवाय आयसोटोप बनवणारं यंत्र. त्यात तयार होणाऱ्या फ्लोरिन-१८ ची ताकद ११० मिनिटांत निम्मी होते. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकला की अर्धा माल गेलाच म्हणून समजा. बनवायची जागा आणि पेशंटची जागा शेजारी हवी, हे चाळीस वर्षांपूर्वीचं गणित पुन्हा लागू पडलं.

आता तो स्कॅन नेमकं करतो काय?

प्रोस्टेट ग्रंथी पीएसए नावाचं प्रथिन बनवते. ऑपरेशनमध्ये ग्रंथीच काढून टाकली की पीएसए जवळपास शून्यावर यायला हवं. ते पुन्हा वाढून ०.२ च्या वर गेलं आणि दुसऱ्या तपासणीतही तसंच निघालं, तर कॅन्सर परतला असं डॉक्टर धरून चालतात. पण इतक्या लवकर सीटी स्कॅन किंवा हाडांच्या स्कॅनमध्ये सहसा काही सापडत नाही. गाठ असते तांदळाच्या दाण्याएवढी.

अशा वेळी वर्षानुवर्षं एकच मार्ग होता. ग्रंथी जिथं होती त्या रिकाम्या जागेवर लाईट द्यायची. बऱ्याच जणांना त्याचा फायदा होतो, कारण कॅन्सर बहुतेकदा तिथंच उरलेला असतो. पण तो शेजारच्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे ओटीपोटातल्या छोट्या गाठींमध्ये गेला असेल तर? किंवा बरगडीत? मग पस्तीसेक दिवस रोज परळची फेरी मारूनही नेम चुकलेलाच.

इथं मॉलिक्युलर इमेजिंग कामी येतं. साधा स्कॅन गाठीचा आकार बघतो. हा स्कॅन पेशीची ओळख बघतो. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशीच्या अंगावर पीएसएमए नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात असतं. कुलपासारखं समजा. शास्त्रज्ञांनी त्या कुलपात बसणारी किल्ली बनवली आणि किल्लीला गॅलियम-६८ किंवा फ्लोरिन-१८ बांधलं. हे इंजेक्शन शिरेतून दिलं की किल्ली अंगभर फिरते आणि कुलूप दिसेल तिथं अडकते.

मग आयसोटोपमधून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघंही नष्ट होतात. त्यातून गॅमा किरणांची जोडी निघते, एक या दिशेला आणि दुसरा बरोबर उलट्या दिशेला. पेशंटभोवती गोल कड्यासारखी यंत्रणा असते, ती ही जोडी पकडते. अशा असंख्य जोड्यांच्या रेषा जिथं एकमेकींना छेदतात तिथं ठिपका उजळतो. सोबत सीटी स्कॅन असतोच, त्यामुळं हा ठिपका शरीरात नेमका कुठं आहे तेही कळतं.

आता लाईटचं प्लॅनिंग बदलतं. डॉक्टर हा पेट स्कॅन प्लॅनिंगच्या सीटीवर ठेवून जुळवतात आणि कुठं किरण द्यायचे, कुठं नाही, याच्या रेघा आखतात. ठिपका लिम्फ नोडमध्ये असेल तर तो पट्टा आत घेतात, त्या गाठीला जास्त डोस देतात. मूत्राशय आणि गुदाशय अगदी खेटून असतात, त्यांना वाचवायचं असतं. आणि कॅन्सर हाडांमध्ये पसरलेला दिसला तर रिकाम्या जागेवर लाईट देऊन उपयोग नाही हेही आधीच कळतं, उपचाराची दिशा बदलते.

याचा खरंच फायदा होतो का? अमेरिकेत एम्पायर-१ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ ला आले. ऑपरेशननंतर पीएसए वाढलेल्या १६५ पेशंटचे दोन गट केले. एका गटाची लाईट नेहमीच्या स्कॅनवरून ठरवली, दुसऱ्या गटाची पेट स्कॅनचाही आधार घेऊन. त्यात किल्ली पीएसएमएची नव्हती, वेगळी होती, पण तत्त्व तेच. तीन वर्षांनी कॅन्सर काबूत असलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ६३ टक्के होतं, पेटवाल्या गटात ७५.५ टक्के.

आणि परळ यात नुसतं बघ्याच्या भूमिकेत नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी जास्त जोखमीच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या २२४ पेशंटवर एक चाचणी केली, तीही २०२१ ला प्रसिद्ध झाली. हे पेशंट पहिल्यांदाच उपचार घेणारे होते, परत आलेल्या कॅन्सरचे नव्हते. निम्म्यांना फक्त प्रोस्टेटवर लाईट दिली, निम्म्यांना ओटीपोटातल्या लिम्फ नोडसह. पाच वर्षांनी पीएसए आटोक्यात राहिलेल्यांचं प्रमाण ८१.२ विरुद्ध ९५ टक्के निघालं, लिम्फ नोडवाला गट पुढं. यातल्या बहुतेक पेशंटचा पीएसएमए पेट स्कॅन आधी झालेला होता. लाईट नेमकी कुठं द्यायची या जगभरच्या चर्चेत हा अभ्यास आता आवर्जून सांगितला जातो.

मघाशी ती आयोडीनची कल्पना डोक्यात ठेवायला सांगितली होती. तीच इथं पुन्हा येते. किल्लीला गॅलियमऐवजी लुटेशियम-१७७ बांधलं की तीच किल्ली कॅन्सरच्या पेशीपाशी जाऊन तिला आतून किरण देते. कॅन्सर पसरलेल्या आणि बाकी औषधांना दाद न देणाऱ्या पेशंटसाठी हा उपचार वापरतात. हे लुटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव भट्टीत तयार होतं. भाभांच्या काळात आयोडीन जायचं त्याच वाटेनं.

स्कॅन म्हणजे जादू नाही

आता तुम्ही म्हणाल, मग पीएसए वाढलं की लगेच हा स्कॅन करून टाकू. थांबा.

पीएसए अगदी कमी असताना स्कॅन बऱ्याचदा कोरा येतो. कोरा आला म्हणजे कॅन्सर नाही असं होत नाही, आणि ठिपका दिसेपर्यंत थांबायचं असंही नाही. उलट ऑपरेशननंतरची लाईट पीएसए कमी असतानाच जास्त चांगली लागू पडते. शिवाय लाळेच्या ग्रंथी आणि मूत्रपिंडंही पीएसएमएमुळं उजळतात, ते नेहमीचंच. बरगडीतला एखादा ठिपका भलताच काहीतरी निघू शकतो. थोड्या पेशंटच्या कॅन्सरवर हे कुलूपच नसतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की गुगल करण्यापेक्षा तो आपल्या रेडिओथेरपीच्या डॉक्टरांसमोर ठेवावा. आणि ऑपरेशननंतर पीएसएची तपासणी बरं वाटतंय म्हणून चुकवू नये, कारण पहिली बातमी तोच आकडा देतो.

भाभांनी पीएसए हा शब्द कधी ऐकला नव्हता. पेट स्कॅनर त्यांनी पाहिला नव्हता. बीएआरसीनं बनवलेल्या कोबाल्टच्या लाईट मशीनला पुढं भाभाट्रॉन असं त्यांचंच नाव दिलं गेलं, तेही त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. त्यांनी केलं ते एवढंच की भट्टी, प्रयोगशाळा आणि हॉस्पिटल यांच्यामधली भिंत वेळेवर पाडली. ती तशीच राहिली असती तर आयसोटोप एका खात्यात आणि पेशंट दुसऱ्या खात्यात पडून राहिले असते.

१९३१ मध्ये टाटांच्या घरातल्या बाईला कॅन्सरच्या उपचारासाठी वेल्सला जावं लागलं होतं. आज मनवेलपाड्याच्या माणसाला विरार लोकल पुरते. प्रवास अजूनही दमवणारा आहे, रांगा लांब आहेत, नंबर लागेपर्यंत जीव टांगणीला असतो हेही खरं. पण परत आलेला कॅन्सर नेमका कुठं बसलाय, याचं उत्तर आता ५० किलोमीटरवर मिळू शकतं.